घरची गाडी, बाजाराचा बोजा आणि बारमाही टायर

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात ज्या व्यापारी व कारागीर बांधवांकडे चारचाकी आहे, त्यांपैकी बहुतेकांची गाडी घरचीही असते आणि धंद्याचीही असते. लग्नाला, दवाखान्यात आणि मुलांच्या परीक्षेला तीच गाडी. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मागची सीट पाडून कापडाच्या गाठी, बांगड्यांच्या पेट्या किंवा शिलाई मशीन न्यायलाही तीच. अशा गाडीला कमी पैशांत बारा महिने चालतील असे टायर कोणते, हा प्रश्न आम्हाला गेल्या वर्षभरात पाच-सात ओळखीच्या लोकांनी विचारला. आम्ही टायरचे व्यापारी नाही, आमचा धंदा कापडाचा. परंतु या बाबतीत एकदा आमच्याकडून मोठी गफलत झाली आणि थोडक्यात बचावलो. तेव्हापासून या मालाची चौकशी करण्याची सवय लागली.

मे महिन्याचे दिवस होते. आरमोरीकडचे एक लग्न आटोपून आम्ही परत निघालो. गाडीत आमच्या घरचे, सून आणि दोन वर्षांचा नातू. मागे डिक्कीत कापडाच्या दोन गाठी, कारण व्यापारी माणूस लग्नाला गेला तरी रिकाम्या हाताने परतत नाही. दुपारचे तीन वाजले असतील. सिंदेवाही सोडून मूलकडे येताना जंगलाच्या रस्त्यावर मागचा डावा टायर फाटला. आवाज असा झाला की बंदूक उडाली असे वाटले. गाडी हेलकावे खात रस्त्याखाली उतरली आणि सागाच्या झाडापासून चार हातांवर थांबली. कोणाला खरचटलेही नाही. पण मुलगा गाडी साठच्या ऐवजी नव्वदने चालवत असता तर काय झाले असते, हा विचार आजही झोप उडवतो.

स्टेपनी लावून मूलला पोहोचलो. पंक्चरवाल्याने फाटलेला टायर उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "चाचा, हा टायर कधी घेतला?" आम्ही म्हणालो, आठ महिने झाले, नवाकोरा घेतला. त्याने टायरच्या बाजूवर बोट ठेवले. तिथे एका लांबट चौकटीत चार आकडे होते. "पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हा टायर तुम्ही घेतला तेव्हाच सहा वर्षांचा होता." दुकानदाराने पाचशे रुपये कमी लावले तेव्हा आम्ही आमच्या घासाघीशीवर खूष झालो होतो. खरे तर गोदामात पडून कडक झालेला माल त्याने आमच्या गळ्यात मारला होता.

कापडाचा व्यापारी थान उघडले की आधी काठ पाहतो. मिलचे नाव, सुताची जात, रंगाची हमी काठावर छापलेली असते. तीस वर्षे आम्ही काठ वाचल्याशिवाय थान घेतले नाही, आणि ज्या मालावर घरच्या पाच जणांचा जीव ठेवला त्याचा काठ मात्र एकदाही वाचला नाही.

काठावर काय लिहिलेले असते

उदाहरणासाठी वॅगनआर घेऊ, कारण ती आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. तिच्या साध्या मॉडेलच्या टायरवर १५५/८० आर १३ असे लिहिलेले असते. १५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे १२४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढे ७९ आणि एक इंग्रजी अक्षर असते. हा ७९ बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि आपल्या कामाचा आकडा तोच आहे. तो वजनाचा आकडा. ७९ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४३७ किलो. ७४ असेल तर ३७५ किलो, ८५ असेल तर ५१५ किलो. अक्षर वेगाचे असते. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९० किलोमीटर. त्याची आपल्याला फारशी फिकीर नाही.

नवा टायर घेताना वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. येथे एक गफलत वारंवार होते. ओम्नी व्हॅनचे उत्पादन २०१९ साली बंद झाले तरी बाजाराच्या गावी ती अजून दिसते. तिच्या टायरवर एलटी ही अक्षरे असतात, म्हणजे तो हलक्या मालवाहू गाडीच्या जातीचा, जास्त बोजा पेलणारा टायर आहे. त्याच रिमवर अल्टोचा १४५/८० आर १२ चढतो आणि तो स्वस्त पडतो, म्हणून लोक तोच चढवतात. मग त्या व्हॅनमध्ये भांड्यांच्या किंवा कापडाच्या गाठी भरल्या की बिचारा ३७५ किलोचा टायर मागच्या बाजूला चिरडला जातो. व्हॅनवाल्यांनी एलटी सोडून दुसरा टायर लावू नये.

याशिवाय आयएसआयची खूण पाहावी. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या टायरना ती सक्तीची आहे. आणि तारखेचे चार आकडे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला टायर मिळाला तर उत्तम, वर्षापेक्षा जुना असेल तर आम्ही तरी नको म्हणतो. मोठ्या शहरात माल लवकर खपतो, आपल्या तालुक्याच्या दुकानात तो पडून राहतो. दुकानदाराची नियत साफ असली तरी ही अडचण आहेच.

टायर म्हणजे अर्धे कापडच

आमच्या कापडवाल्या बांधवांना ऐकून नवल वाटेल की टायरच्या पोटात कापड असते. लोकांना वाटते टायर म्हणजे नुसते रबर. पण नुसत्या रबराचा टायर फुग्यासारखा फुगून जाईल. आतले कापड पॉलिएस्टर, नायलॉन किंवा रेयॉनच्या पीळदार जाड धाग्यांचे असते. त्याचा ताणा मजबूत आणि दाट, बाणा मात्र नावापुरता, धागे सरकू नयेत एवढ्यासाठीच. हे कापड चिकट द्रावात बुडवून त्यावर दोन्ही बाजूंनी रबर चढवतात. रेडियल टायरमध्ये हे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे त्यांच्यावर पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत पोलाद नसते. तिथे फक्त पातळ रबर आणि कापडाचा एक थर.

म्हणून टायर खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटला की भिंतीतले धागे तुटतात आणि त्या जागी फोडासारखा फुगवटा येतो. पंक्चरवाला म्हणतो, चालेल काही दिवस. कोणत्याही परिस्थितीत चालू नये. आतला ताणा तुटला आहे, रफू होण्यासारखा नाही. असा टायर त्याच दिवशी काढावा.

याच कारणासाठी आमचे मत असे आहे की आपल्या भागात उंच भिंतीचा टायर चांगला. चंद्रपूर-राजुरा-गडचांदूर पट्ट्यात कोळसा व सिमेंटचे ट्रक, आष्टी-आलापल्ली-एटापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक. रस्ता नवा झाला तरी खड्डे पडायला वेळ लागत नाही. पोरे हौसेने मोठे अलॉय चाक आणि चपटे टायर लावतात. गाडी दिसते झकास, पण भिंत जितकी कमी तितका मार धाग्यांवर आणि रिमवर जास्त. कंपनीने दिलेले माप बदलू नये. रुंद टायरही लावू नये. पेट्रोल जास्त लागते आणि पावसात तो पाण्यावर लवकर तरंगतो.

उन्हाळ्यात हवा कमी करावी काय?

या एका प्रश्नासाठी हा लेख लिहिला म्हटले तरी चालेल. विदर्भात जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर सांगतो की मे महिन्यात हवा चार-पाच पौंड कमी ठेवा, नाहीतर गरमीने फुगून टायर फुटेल. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. त्या दिवशी सिंदेवाहीच्या रस्त्यावरही आमच्या टायरमध्ये ३३ च्या जागी २८ पौंड हवा होती. म्हणजे टायर शिळा, हवा कमी, बोजा जास्त आणि वर पंचेचाळीस डिग्रीचे ऊन.

आता हिशेब पाहा. वॅगनआरचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत एकदा दबते आणि सरळ होते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसेच येथे होते. हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते, जास्त तापते. रबर आणि धागा यांची पकड सुटू लागते आणि एखाद्या वेळी टायर फाटतो. त्यात आपल्याकडे दुपारी डांबर साठ डिग्रीच्या पुढे तापलेले असते, म्हणजे टायरला थंड व्हायला जागाच नाही. हवा गरम होऊन वाढते हे खरे, पण किती? सकाळी थंड टायरमध्ये भरलेले ३३ पौंड दुपारी धावल्यावर ३७-३८ दाखवतात. एवढे गृहीत धरूनच कंपनी आकडा देते. नवा, शाबूत टायर त्याने फुटत नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यासाठी अमेरिकेची हकीकत सांगतो. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. फोर्डच्या एक्सप्लोरर नावाच्या मोठ्या गाडीवर लावलेल्या या टायरचा वरचा थर चालता चालता सुटून येत होता, गाड्या उलटत होत्या. अडीचशेहून अधिक माणसे गेली. टायरच्या बनावटीतही दोष होता. पण या घटना टेक्सास, फ्लोरिडा, ऍरिझोना अशा उष्ण राज्यांतच जास्त घडल्या. शिवाय फोर्डने त्या गाडीला २६ पौंड हवा सांगितली होती आणि फायरस्टोनने नंतर ३० सुचवली, यावरून दोन्ही कंपन्यांत मोठे भांडण झाले. उष्णता, बोजा आणि कमी हवा ही तिन्ही आपल्याकडे मे महिन्यात एकाच गाडीत बसलेली असतात.

तेव्हा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळ जो कागद चिकटवलेला असतो त्यावरचा आकडा पाळावा. पुष्कळ गाड्यांना त्यावर दोन आकडे असतात, एक साध्या वजनाचा आणि एक पूर्ण बोजाचा. बाजाराच्या दिवशी दुसरा आकडा धरावा. हवा सकाळी गाडी काढण्यापूर्वी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासावी. गरम टायरमधून हवा काढू नये. नायट्रोजन भरण्याचा आग्रह काही दुकानांत होतो. साध्या हवेतच शेकडा ७८ नायट्रोजन असतो, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा दोनशे-चारशे रुपयांचा हवा मोजण्याचा गेज गाडीत ठेवलेला बरा.

बारमाही टायर ही काय चीज आहे

दुकानदार 'ऑल सीझन' म्हणून पन्नास-शंभर जास्त सांगतो, म्हणून हेही समजून घ्यावे. बर्फाच्या देशांत उन्हाळ्याचे टायर वेगळे व हिवाळ्याचे वेगळे असतात, कारण उन्हाळी टायरचे रबर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक होते. दोन-दोन जोड ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी तिकडे बारमाही टायर निघाला. गुडइयर कंपनीने १९७७ साली अमेरिकेत टिएम्पो नावाने तो बाजारात आणला. त्यावर एम आणि एस ही अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. आपल्याकडे बर्फ कोठे आहे? डिसेंबरच्या पहाटे थंडी पडते, पण गाडीने काम काढेपर्यंत ऊन येते. भारतात विकला जाणारा साधा कारचा टायर ऊन-पावसासाठीच बनवलेला असतो. त्या नावाखातर जास्त पैसे देऊ नयेत.

आपले ऋतू दोनच, आग आणि पाणी. आगीचे सांगून झाले. पाण्याचे असे की टायरवरची नक्षी शोभेची नसते. खाचांमधून पाणी बाहेर फेकले जाते. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी लहान आडव्या गाठी असतात, रबर झिजून त्यांना टेकले म्हणजे १.६ मिलिमीटर उरले आणि कायद्याने टायर संपला. २०२३ च्या उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने टायर तपासणी सुरू केली, गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. भिवंडी-मालेगावहून माल आणणाऱ्या बांधवांनी याची जाण ठेवावी. पण आमच्या मते आपल्या पावसात १.६ पर्यंत थांबणेच चूक. तीन मिलिमीटर उरले की मृगाच्या आधी टायर बदलावा. भामरागडला पर्लकोटेचे पाणी पुलावर आले की उत्तम टायरही काही करू शकत नाही. तिथे गाडी अलीकडेच उभी करावी.

२०२२ साली सरकारने ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि घर्षण यांचे नियम टायर कंपन्यांना लागू केले. त्यामुळे त्यानंतर बनलेला ताजा टायर घेण्यास आणखी एक कारण झाले.

पैशाचा हिशेब

टायरमध्ये दोन जाती पडतात. एक कडक रबराची, जास्त किलोमीटर चालणारी. अपोलोचा अमेझर फोर जी लाइफ, सिएटचा मायलेज, जेकेचा टॅक्सीमॅक्स हे त्या बाजूचे. दुसरी मऊ रबराची, पकड चांगली पण लवकर झिजणारी. समजा पहिला टायर ३,५०० चा आणि ४५,००० किलोमीटर चालला, तर चार टायरचा खर्च किलोमीटरला ३१ पैसे. दुसरा २,८०० चा आणि ३०,००० चालला, तर ३७ पैसे. व्यापारी माणूस लगेच पहिला उचलेल.

पण थांबा. आपली गाडी वर्षाला किती चालते? आठवड्याला तीन-चार बाजार करणाऱ्याची पंधरा हजार चालत असेल, त्याला पहिला टायर तीन वर्षांत वसूल होतो. ज्याची गाडी वर्षाला सहा हजारच चालते, त्याला ४५,००० व्हायला साडेसात वर्षे लागतील. आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांत रबर कडक होऊन तडे जातात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. म्हणजे जे किलोमीटर वापरायचेच नाहीत त्यांचे पैसे दिले. अशा माणसाने पकडीचा टायर घ्यावा. गाडी सावलीत उभी करण्याने जी बचत होते ती वेगळीच.

एका वेळी चार टायरचे पैसे नसतील तर दोन घ्यावेत, आणि ते मागे लावावेत. सगळे जण पुढे लावतात. पुढची चाके घसरली तर ऍक्सिलरेटर सोडून गाडी सांभाळता येते. पावसात वळणावर मागची चाके घसरली तर गाडी गिरकी घेते, साधा माणूस काही करू शकत नाही. आठ-दहा हजार किलोमीटरला चाके फिरवून घ्यावीत आणि अलाइनमेंट पाहावी.

रिमोल्ड टायर ट्रकला चालतात, तो धंदा मोठा आहे आणि आपले काही भाईही त्यात आहेत. पण घरच्या कारला ते लावू नयेत. जुन्या टायरवर यंत्राने खाचा कोरून नवे म्हणून विकण्याचा प्रकार तर उघड फसवणूक आहे. ओळखायचे असे: खाचेच्या तळाशी ज्या आडव्या गाठी असतात त्या कापलेल्या दिसतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. २,५०० च्या मूळ किमतीवर हा फरक अडीचशे रुपयांचा होतो, चार टायरला हजार. दुकानदार जुनी छापील किंमत दाखवत असेल तर ही गोष्ट शांतपणे त्याच्या कानावर घालावी. पक्के बिल घ्यावे, त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा. बनावटीचा दोष निघाल्यास कंपनी बिल पाहूनच भरपाईचे बोलते. खड्ड्याने फाटला तर मात्र काही मिळत नाही. मालवाहू गाडीच्या टायरवर भरलेला कर धंद्यात वजा होऊ शकतो, घरच्या कारच्या बाबतीत आपल्या हिशेबनीसाला विचारूनच करावे.

शेवटी स्टेपनी. २०२० पासून काही गाड्यांना स्टेपनीशिवाय विकण्याची परवानगी मिळाली आहे, पंक्चर दुरुस्तीची पेटी दिली की झाले. आलापल्ली ते सिरोंचा किंवा एटापल्लीच्या आतल्या रस्त्यांवर ज्यांचे जाणे आहे त्यांनी अशी गाडी घेऊ नये. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तर हवा हळूहळू जाते, पुढचे गाव गाठता येते. पण भिंत फाटली तर पेटीचा काही उपयोग नाही. आणि स्टेपनीवरही तारीख असते. आमची त्या दिवशी लावलेली स्टेपनी गाडीबरोबर आलेली, नऊ वर्षांची निघाली. मूलपर्यंत आलो कसे, याचे नवल पंक्चरवाल्यालाही वाटले. त्या दिवाळीनंतर आम्ही पाच टायर घेतले, चार नव्हे, आणि दुकानात चष्मा लावून पाचही टायरचे आकडे वाचले. एकावर मागच्या सालाचा आकडा होता, तो बदलून घेतला.